साप साप म्हणून भुई धोपटणे : सीएफए फ्रँकवर लिहिणाऱ्या-शिकवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मराठीतून आफ्रिकेच्या चलनाविषयी लिहिणारे पत्रकार, व्हिडिओ करणारे निवेदक आणि स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत अर्थशास्त्र शिकवणारे सर्व शिक्षक

स.न.वि.वि.

‘आफ्रिकेतले चौदा देश आजही फ्रान्सला दर वर्षी ५०० अब्ज डॉलर वसाहत-कर भरतात’ हे वाक्य दहाएक वर्षे जगभर फिरते आहे आणि आता ते मराठीतही चांगलेच रुळले आहे. ते एकदा साध्या बेरजेवर घासून पाहावे. हे चौदा देश मिळून वर्षभरात जे काही पिकवतात, खणतात, बनवतात आणि विकतात, त्या सगळ्याची किंमतही ५०० अब्ज डॉलर होत नाही. उत्पन्नापेक्षा मोठा कर कोणी भरत नसतो. इटलीच्या जॉर्जिया मेलोनी या देशांच्या चलनाची, म्हणजे सीएफए फ्रँकची, नोट हातात धरून फ्रान्सवर बरसतात ती चित्रफीत जानेवारी २०१९ ची आहे. त्या पंतप्रधान झाल्यावर, नोव्हेंबर २०२२ मध्ये ती नव्याने फिरली आणि या वाक्याला आणखी बळ मिळाले.

आमची तक्रार केवळ आकड्याची नाही. सीएफए फ्रँकमध्ये खरे दोष आहेत, आणि ते गंभीर आहेत. ‘कर’ म्हटले की प्रेक्षक संतापतो आणि व्हिडिओ संपतो. घोडे नेमके कुठे अडते आहे ते कोणी पाहत नाही. ते दाखवण्यासाठी हे पत्र.

आधी एक दुरुस्ती. चौदा देशांचे चलन एक नाही. चलने दोन आहेत आणि बँकाही दोन. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन, बुर्किना फासो, आयव्हरी कोस्ट, गिनी-बिसाऊ, माली, नायजर, सेनेगल आणि टोगो या आठ देशांची सामायिक मध्यवर्ती बँक सेनेगलमधल्या डाकारला आहे. तिचे फ्रेंच आद्याक्षरांवरून पडलेले नाव बीसीईएओ. मध्य आफ्रिकेतल्या कॅमेरून, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, चाड, काँगो-ब्राझाव्हिल, गॅबन आणि इक्वेटोरियल गिनी या सहा देशांची बँक कॅमेरूनमधल्या याउंडेला. तिला तिकडे ‘बेआक’ म्हणतात. दोन्ही फ्रँकांचा युरोशी दर सारखाच, पण डाकारची नोट याउंडेच्या बाजारात कोणी घेत नाही. बँकांच्या कागदपत्रांतही चलनाचे संकेत वेगळे असतात : पश्चिम आफ्रिकेचा एक्सओएफ, मध्य आफ्रिकेचा एक्सएएफ. इनव्हॉइसवर एकाच्या जागी दुसरा पडला तर पैसे अडकतात. कोमोरोसचा फ्रँक आणखी वेगळा. यापुढे आम्ही मुख्यतः डाकारच्या बँकेविषयी बोलू, कारण वाद तिच्याभोवती जास्त आहे आणि बदलही तिथेच जास्त झाले आहेत.

हे चलन २६ डिसेंबर १९४५ रोजी फ्रेंच सरकारच्या फर्मानाने जन्मले. तेव्हा सीएफएचा अर्थ ‘आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतींचा फ्रँक’ असा होता. वसाहती गेल्या, आद्याक्षरे तीच राहिली, त्यामागचे शब्द तेवढे बदलले. १९४८ पासून एक सीएफए फ्रँक दोन फ्रेंच फ्रँकांना मिळे. १९६० मध्ये फ्रान्सने आपल्या चलनाची दोन शून्ये काढली, तेव्हा हिशेब ५० सीएफएला एक नवा फ्रँक असा झाला. जानेवारी १९९४ मध्ये अवमूल्यन झाले आणि ५० चे १०० झाले. १९९९ ला युरो आला. एक युरो म्हणजे ६.५५९५७ फ्रेंच फ्रँक, म्हणून एक युरो म्हणजे ६५५.९५७ सीएफए. या विचित्र आकड्यामागे एवढेच आहे : शंभराने गुणाकार. तेव्हापासून त्यात एका दशांशाचाही फरक पडलेला नाही.

आता ज्याला ‘कर’ म्हणतात ते काय होते ते पाहू. फ्रान्सच्या सरकारी खजिन्यात बीसीईएओचे एक खाते असे. बँकेने आपल्या परकीय चलनाच्या गंगाजळीचा ठरलेला हिस्सा तिथे ठेवायचा : सुरुवातीला सगळा, १९७३ च्या करारानंतर ६५ टक्के, २००५ पासून ५० टक्के. ही ठेव होती. तिची मालकी आफ्रिकी बँकेकडेच होती, तिच्या ताळेबंदात ती मालमत्ता म्हणून दिसे, आणि तिच्यावर व्याज मिळे. २०१४ च्या करारात या व्याजाला ०.७५ टक्क्याचा तळ घालून दिला होता. २०१४ ते २०२२ या काळात युरोपीय मध्यवर्ती बँकेचा ठेवीवरचा दर शून्याखाली होता, म्हणजे इतर बँका पैसे ठेवण्यासाठी पैसे मोजत होत्या. त्या वर्षांत ही अट डाकारच्या पथ्यावरच पडली. ठेवीच्या बदल्यात फ्रान्सची हमी होती : गंगाजळी आटली तर खाते उण्यात जाऊ द्यायचे, पण फ्रँक युरोत बदलून मिळणे थांबू द्यायचे नाही. ही हमी नुसती कागदावर नव्हती. १९८० च्या दशकात खाते खरोखरच उण्यात गेले होते.

परदेशात गंगाजळी ठेवणे यात काही जगावेगळे नाही. आपली रिझर्व्ह बँक डॉलरचे रोखे बाळगते, आपल्या सोन्याचा मोठा वाटा वर्षानुवर्षे बँक ऑफ इंग्लंडच्या तळघरात आहे आणि त्यातले सुमारे १०० टन २०२३-२४ मध्ये भारतात आणले. त्याला कोणी कर म्हटले नाही. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे : कुठे ठेवायचे, किती ठेवायचे हे रिझर्व्ह बँक स्वतः ठरवते. बीसीईएओला तो अधिकार नव्हता. शिवाय तिच्या संचालक मंडळात आणि पतधोरण समितीत फ्रान्सचे प्रतिनिधी बसत. टीका करायची तर या दोन गोष्टींवर करावी.

आणि या दोन्ही गोष्टी पश्चिम आफ्रिकेपुरत्या आता भूतकाळात गेल्या आहेत. २१ डिसेंबर २०१९ रोजी अबिदजानमध्ये आयव्हरी कोस्टचे अध्यक्ष अलासान उआतारा आणि फ्रान्सचे इमॅन्युएल मॅक्राँ यांनी नवा करार जाहीर केला. (उआतारा स्वतः १९८८ ते १९९० या काळात याच बँकेचे गव्हर्नर होते, हे विसरून त्यांच्या भूमिकेचा अर्थ लागत नाही.) २०२१ मध्ये फ्रेंच खजिन्यातले खाते बंद झाले, पैसे बँकेने आपल्या मर्जीने इतरत्र ठेवले, फ्रान्सचे प्रतिनिधी मंडळांतून उठले. राहिली ती हमी, आणि हमीसोबत एक पाचर : बँकेला मागताच द्याव्या लागणाऱ्या देण्यांच्या तुलनेत परकीय मालमत्ता २० टक्क्यांवर किंवा त्याखाली उतरली तर पतधोरण समितीत फ्रान्सला तात्पुरता प्रतिनिधी पाठवता येतो. मध्य आफ्रिकेतली व्यवस्था मात्र जुनीच राहिली. म्हणून ‘चौदा देश आपली निम्मी गंगाजळी पॅरिसला ठेवतात’ हे वाक्य आज आठ देशांबाबत चूक आहे. आणि ‘२०२० पासून सीएफएच्या जागी इको आला’ हे चालू घडामोडींच्या टिपांमधले वाक्य तर साफ चूक. इको हे नाव पश्चिम आफ्रिकेच्या तेव्हाच्या पंधरा देशांच्या संघटनेने, इकोवासने, जून २०१९ मध्ये स्वीकारले. पुढे मुहूर्त २०२७ वर ढकलला गेला. दुकानात आजही फ्रँकच चालतो.

मग दुखणे कुठे आहे? पहिले दुखणे युरोच्या दावणीचे. ते आपल्याकडच्या काजूवरून चांगले कळते, म्हणून तेच उदाहरण घेतो.

सिंधुदुर्ग आणि चंदगडच्या कारखान्यांत फुटणाऱ्या काजूबियांत आयव्हरी कोस्ट, बेनिन, गिनी-बिसाऊ इथल्या बियांचा वाटा मोठा असतो. सौदा टनाला अमुक डॉलर असा होतो. शेतकऱ्याचा भाव मात्र तिथले सरकार हंगामाच्या आरंभी फ्रँकमध्ये जाहीर करते : आयव्हरी कोस्टमध्ये २०२४ ला किलोला किमान २७५ फ्रँक, २०२५ ला ४२५. आता समजा टनाचा दर १,५०० डॉलर ठरला. युरो १.०५ डॉलरला असेल तर एका डॉलरचे सुमारे ६२४.७ फ्रँक होतात आणि निर्यातदाराच्या हाती टनामागे ९ लाख ३७ हजार पडतात. युरो १.१७ ला चढला की डॉलरचे ५६०.६ फ्रँक होतात आणि तोच टन ८ लाख ४१ हजारांचा उरतो. जवळपास ९६ हजार फ्रँक कमी, आणि यात ना काजूचा दोष, ना शेतकऱ्याचा, ना वेंगुर्ल्याच्या खरेदीदाराचा. शेतकऱ्याला द्यायचा भाव तर कायद्याने बांधलेला. मग निर्यातदार माल उचलायला टाळाटाळ करतो, सौदे मोडतो, किंवा बांधलेल्या भावाखाली गुपचूप खरेदी करतो. कोकणातल्या खरेदीदाराला वाटते की तिकडचा माणूस शब्दाचा पक्का नाही. पुष्कळदा त्यामागे फ्रँकफुर्टमध्ये हललेला युरो असतो.

हीच दावण आयात करताना उपयोगी पडते. तांदूळ, औषधे, डिझेल यांच्या किमती शेजारच्या घाना किंवा नायजेरियात जशा उसळल्या तशा इथे उसळल्या नाहीत, आणि पगार फ्रँकमध्ये घेणाऱ्या शहरी माणसाला ही स्थिरता हवीच असते. म्हणजे दावण शेतकरी-निर्यातदाराला जाचते आणि शहरातल्या ग्राहकाला सांभाळते. चलनावरचा वाद त्या देशांतल्या घराघरांतून का जातो, ते यातून लक्षात येईल.

दुसरे दुखणे सामायिक हंड्याचे, म्हणजे आठ देशांच्या एकत्र गंगाजळीचे. यंत्रणा अशी : अबिदजानचा व्यापारी कोको विकतो, परदेशी खरेदीदार पैसे त्याच्या बँकेत पाठवतो. २०१० च्या नियमावलीने घालून दिलेली चौकट अशी होती की, १ कोटी फ्रँकपासून वरचा निर्यात व्यवहार एका बँकेत नोंदवायचा; पैसे देण्याची मुदत माल चढवल्यापासून सहसा १२० दिवसांपलीकडे ठेवायची नाही; मुदत उलटल्यावर महिनाभरात पैसे मायदेशी आणायचे; आणि त्यातले किमान ८० टक्के परकीय चलन बँकेने बीसीईएओला विकायचे. बदल्यात बँकेच्या खात्यात फ्रँक जमा होतात. तिकडे बुर्किना फासोतल्या वागादुगूच्या व्यापाऱ्याला चीनमधून मोटारसायकलचे सुटे भाग आणायचे आहेत. तो आपल्या बँकेकडे इनव्हॉइस आणि आयातीचे कागद देतो, बँक बीसीईएओकडे युरो मागते, बीसीईएओ त्याच हंड्यातून देते. अबिदजानच्या कोकोवर वागादुगूचे सुटे भाग येतात. माली-बुर्किनाचे सोने डाकारच्या डिझेलला उपयोगी पडते. आठ घरांची एक चूल म्हणा.

हे बिघडते ते दोन ठिकाणी. एक, माल हंड्याला चुकवून बाहेर जातो. शेजारच्या देशात भाव चांगला असला की काजू आणि कोको रात्रीतून सीमा ओलांडून घानात जातो. छोट्या खाणींतले सोने हातोहात दुबईला पोहोचते. त्याचे युरो हंड्यात कधीच पडत नाहीत, पण ते सोने विकून आलेल्या पैशाने घेतलेला माल कधी कधी हंड्यावरच भार टाकतो. दोन, पाणी खाली गेले की परकीय चलनाच्या मागण्या रेंगाळू लागतात. व्यापाऱ्याच्या खात्यात फ्रँक असतात, कागद पूर्ण असतात, तरी पैसे निघत नाहीत. आपल्याकडचा निर्यातदार अशा वेळी समोरच्याला बुडवा ठरवतो. तसे ठरवण्याआधी त्या तिमाहीत गंगाजळीचे काय चालले होते ते पाहावे. २०२२-२३ मध्ये ती झपाट्याने घसरली : धान्य-इंधन महागले, आणि परदेशी रोखे-बाजार आफ्रिकी सरकारांना बंद झाला. जानेवारी २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टने २.६ अब्ज डॉलरचे रोखे विकले तेव्हा थोडा श्वास मिळाला. कर्ज एका देशाने काढले, श्वास आठ जणांनी घेतला.

तिसरे दुखणे व्याजदराचे, आणि आमच्या मते शिकवण्यासारखा सगळ्यात कसदार भाग हाच आहे. विनिमय दर खुंटीला बांधला की व्याजदर मनासारखा हलवता येत नाही. युरोपात व्याज जास्त आणि डाकारला कमी अशी स्थिती फार काळ राहिली तर पैसा वाट काढून युरोपाकडे जातोच, कितीही नियम करा. २०२२ च्या मध्यापर्यंत युरोपचा ठेवीवरचा दर उणे ०.५ टक्के होता. सप्टेंबर २०२३ पर्यंत तो ४ टक्के झाला. डाकारने त्याच काळात बँकांना पैसे देण्याचा आपला किमान दर २ टक्क्यांवरून पाव-पाव टक्क्याने चढवत डिसेंबर २०२३ ला ३.५ वर नेला. (जून २०२५ मध्ये तो ३.२५ केला.) म्हणजे डाकार युरोपच्या मागेच राहिले, कारण आणखी वाढवले तर आठ सरकारांच्या कर्जाचे व्याज वाढते.

सरकारांचे कर्ज या गोष्टीत कसे शिरते? पूर्वी बीसीईएओ प्रत्येक सरकारला त्याच्या आदल्या वर्षीच्या महसुलाच्या २० टक्क्यांपर्यंत उचल देत असे. ती सोय बंद झाली. आज तिला सरकारांना थेट कर्ज देण्याची मनाई आहे. म्हणून सरकारे ट्रेझरी बिले (अल्पमुदतीचे कर्ज) आणि रोखे काढतात. २०१३ पासून हे लिलाव डाकारचीच एक वेगळी संस्था घडवून आणते. रोखे घेतात मुख्यतः त्या आठ देशांतल्या व्यापारी बँका. त्या बँका हेच रोखे तारण ठेवून बीसीईएओच्या साप्ताहिक लिलावात स्वस्तात पैसे उचलतात आणि पुन्हा रोखे घेतात. दोन-तीन टक्क्यांनी पैसे घ्यायचे, सहा-सात टक्क्यांच्या सरकारी कागदात घालायचे. कर्जामागे बँकेने स्वतःचे किती भांडवल ठेवायचे, त्या हिशेबात या कागदाची जोखीम शून्य धरलेली. मग पीठगिरणी काढू पाहणाऱ्या माणसाला कर्ज देण्याची यातायात कोण करील? थेट कर्जाला दारात मनाई केली, ते बँकांच्या अंगणातून फिरून आत आले.

२०२० पासून बीसीईएओ बँका मागतील तेवढे पैसे ठरल्या दराने देत होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने ते थांबवले आणि मर्यादित रकमेवर बोली लावायला लावली. बँकांचा हात आखडला. सरकारांच्या लिलावांत मागितले तेवढे पैसे येईनात, रोख्यांवरचे व्याज चढले. जाहीर किमान दर पाव टक्क्याने वाढलेला दिसत होता, पण घट्ट केलेला खरा नळ हा होता. बातमी देताना नुसता दर देऊ नये. लिलावात किती रक्कम ठेवली आणि किती मागितली गेली तेही द्यावे.

आणि एकच दर आठ जणांना. या आठ देशांच्या चलनसंघाच्या उत्पन्नात आयव्हरी कोस्टचा वाटा सुमारे ४० टक्के, गिनी-बिसाऊचा जेमतेम एक. २०२२ मध्ये संघाची सरासरी महागाई ७.४ टक्के होती. बुर्किना फासोत ती १४ च्या आसपास गेली, कारण लढाईमुळे शेते ओस पडली आणि रस्ते बंद झाले. नायजरमध्ये ती चारच्या घरात होती. पतधोरण समितीचे लक्ष्य दोन टक्के, वर-खाली एक. बुर्किनाला साजेल असा दर लावला तर नायजरचा उद्योग गुदमरतो, आणि तसाही व्याजदर वाढवून बाजरी उगवत नाही.

एवढे असूनही ‘युरोची दावण सोडा, सगळे ठीक होईल’ असे आम्ही म्हणत नाही. दावण सैल केल्याचा एक मोठा अनुभव या देशांकडे आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी कोको-कॉफीचे भाव कोसळले, फ्रेंच फ्रँक मात्र वधारत राहिला. आफ्रिकेचा माल महाग झाला. ऑगस्ट १९९३ मध्ये दोन्ही बँकांनी आपल्या हद्दीबाहेर गेलेल्या नोटा परत घेणे बंद केले, कारण नोटा सुटकेसमधून बाहेर चालल्या होत्या. जानेवारी १९९४ मध्ये डाकारला राष्ट्रप्रमुखांची बैठक झाली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे तेव्हाचे प्रमुख मिशेल कामदेस्यू तिथे हजर होते. एका रात्रीत चलन फ्रेंच फ्रँकच्या तुलनेत निम्मे झाले. कापूस-कोको विकणाऱ्यांना काही वर्षे त्याचा फायदा झाला. औषधे आणि तांदूळ विकत घेणाऱ्यांचे कंबरडे मोडले. ती रात्र आजही तिथल्या प्रत्येक चर्चेत बसलेली असते. आपल्या लोकांनी आखातात याची छोटी आवृत्ती पाहिली आहे : १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने छापलेला खास रुपया कुवेत ते दुबई चालत असे. ६ जून १९६६ ला दिल्लीने अवमूल्यन केले आणि तोवर तो वापरत असलेल्या आखाती राज्यांनी त्याच वर्षी तो सोडायला सुरुवात केली. दुसऱ्याच्या खुंटीला बांधलेल्याला खुंटी हलल्याचे आदल्या रात्री कोणी कळवत नाही.

चौथ्या दुखण्याविषयी मराठीत जवळपास काहीच लिहिले जात नाही, आणि गेल्या काही वर्षांत त्यानेच सगळ्यात जास्त नुकसान केले आहे. सामायिक बँक म्हणजे सामायिक चावीही. प्रत्येक सभासद सरकारचे खाते बीसीईएओच्या त्या देशातल्या मुख्य शाखेत असते. कर तिथे जमा होतो, पगार तिथून निघतो, कर्जाचे हप्ते तिथून जातात. हे खाते गोठवायला सैन्य लागत नाही.

२०१० च्या निवडणुकीनंतर आयव्हरी कोस्टमध्ये तेव्हाचे अध्यक्ष लोराँ ग्बाग्बो खुर्ची सोडेनात. इतर सभासदांनी ठरवले की सरकारी खात्यावर सही चालेल ती उआतारांच्या माणसांची. बँकेचे गव्हर्नर ग्बाग्बोंच्या जवळचे मानले जात. जानेवारी २०११ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. ग्बाग्बोंनी बँकेच्या अबिदजान शाखेचा ताबा घेतला. इमारत मिळाली, पण आंतरबँक व्यवहारांची यंत्रणा बंद केलेली. फेब्रुवारीत एकेक व्यापारी बँक कुलूप लावू लागली. पुढे ९ जानेवारी २०२२ ला माली. लष्करी राजवट निवडणुका पुढे ढकलते म्हणून शेजारी देशांनी तिथल्या सरकारची बीसीईएओतली मालमत्ता गोठवली, प्रादेशिक रोखे-बाजार बंद केला. मालीकडे पैसे असूनही हप्ते थकले, आणि ते थकले कोणाचे? डाकार, अबिदजान, लोमेच्या बँकांचे, ज्यांनी शून्य जोखमीचा म्हणून तो कागद घेतला होता. निर्बंध जुलैत उठले. मग २०२३ च्या जुलैअखेरीस उठावानंतर नायजरची पाळी. तिथे ते पुढच्या फेब्रुवारीपर्यंत राहिले.

मराठी वाचकाला हे परके वाटायचे कारण नाही. फाळणीनंतर काही महिने रिझर्व्ह बँक ही भारत आणि पाकिस्तान दोघांचीही मध्यवर्ती बँक होती. ३० जून १९४८ पर्यंत. तिच्यातल्या रोख शिलकीतून पाकिस्तानच्या वाट्याचे ७५ कोटी ठरले, २० दिले गेले, काश्मीरच्या लढाईमुळे उरलेले अडवले आणि १५ जानेवारी १९४८ ला सोडले. ते ५५ कोटी महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहेत. ती रक्कम दोन देशांच्या सामायिक बँकेतल्या खात्याची होती, हे मात्र क्वचित सांगितले जाते. दोन सार्वभौम देश, एक बँक आणि वाद पेटलेला, अशा वेळी कोणाची सही चालवायची हा प्रश्न डाकारला आज तसाच उभा आहे. माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी जानेवारी २०२५ मध्ये इकोवास सोडली, चलनसंघ सोडलेला नाही. का सोडला नाही, हे या पत्रातल्या हंड्याच्या आणि रोख्यांच्या परिच्छेदांवरून ताडता येईल : बाहेर पडायचे तर गंगाजळीतला वाटा वेगळा काढावा लागेल, शेजाऱ्यांच्या बँकांचे थकलेले रोखे कोणत्या चलनात फेडायचे ते ठरवावे लागेल, आणि बंदर नसलेल्या तिन्ही देशांचा माल याच संघातल्या अबिदजान, लोमे, कोतोनू, डाकारवरून येतो.

बाहेर पडलेले आहेत. गिनीने १९६० मध्ये, मॉरिटानियाने १९७३ मध्ये आपले चलन काढले. माली १९६२ मध्ये बाहेर पडला आणि १९८४ मध्ये परतला; परतताना दोन माली फ्रँकांना एक सीएफए असा दर पडला. गिनी-बिसाऊ तर फ्रान्सची वसाहत कधीच नव्हती. तिथे आणि आपल्या गोव्यात एकाच पोर्तुगीज बँकेच्या, बांको नॅसिओनाल उल्त्रामारिनोच्या, नोटा चालत. तो देश १९९७ मध्ये आपणहून सीएफएत आला, ६५ पेसोंना एक फ्रँक देऊन. ‘फ्रान्सने बळाने धरून ठेवलेले देश’ या वाक्यात परतलेला माली आणि आपणहून आलेला गिनी-बिसाऊ ही दोन उदाहरणे बसत नाहीत, म्हणून ती वगळली जातात.

बारीकसारीक आणखी एक. आठही देशांत एकच नोट चालते, पण नोटेवरच्या क्रमांकाशी एक अक्षर असते : आयव्हरी कोस्टला ए, बेनिनला बी, बुर्किनाला सी, मालीला डी, नायजरला एच, सेनेगलला के, गिनी-बिसाऊला एस, टोगोला टी. मधले ई हे अक्षर मॉरिटानियाचे होते. दुकानदार त्याकडे पाहत नाही. कोणत्या देशाने किती नोटा काढल्या आणि त्या कुठे वाहत गेल्या, याचा हिशेब बँकेला त्यावरून लागतो. नोटा अजूनही फ्रान्समध्ये छापल्या जातात; यावर टीका होते ती रास्त आहे, फक्त छपाईचा करार आणि चलनाचे नियंत्रण या दोन गोष्टी एक समजू नयेत.

आपल्याकडे मागणे थोडे आहे. जुने व्हिडिओ काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. खाली दुरुस्तीची ओळ घाला. ‘कर’ हा शब्द गाळा, ‘सक्तीची ठेव’ म्हणा, आणि ती पश्चिम आफ्रिकेत २०२१ ला संपली, मध्य आफ्रिकेत चालू राहिली हे लिहा. चौदा देश म्हणताना दोन बँकांची नावे द्या. पतधोरण समिती मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये बसते. तिचे निवेदन फ्रेंचमध्ये असते, छोटे असते, आणि भाषांतराच्या यंत्राला सहज झेपते. त्यात दर सगळ्यात आधी दिसतो. त्याआधी गंगाजळी किती महिन्यांच्या आयातीला पुरेल तो आकडा शोधा, मग महागाई, मग दर. काजू आयात करणाऱ्यांनी तो पहिला आकडा आणि युरो-डॉलरचा भाव एकाच वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवावा; हंगाम उघडतो, तेव्हा लागेल.

कळावे,
आपले,
परदेशी व्यापार आणि बँक-व्यवहारांची कागदपत्रे हाताळणारे काही मराठी वाचक